वाट अडविणाऱ्यांचे दप्तर

भिवंडी शहरातील यंत्रमागांचा अहोरात्र चाललेला खडखडाट आणि शहराच्या वेशीबाहेर पसरलेल्या गोदामांच्या रांगा मागे टाकून वाड्याच्या रस्त्याने निघावे, म्हणजे अंबाडी नाक्याकडच्या मुलुखात भाताची खाचरे दोन्ही अंगांनी सोबतीला येतात. आणि एकदा कापणी-झोडणी उरकून ती खाचरे उघडी पडली, की दिघाशीसारख्या गावात संध्याकाळच्या वेळी जमिनीचा एखादा सपाट तुकडा झाडून, पाणी मारून, फक्कीने रेषा आखून कबड्डीसाठी सिद्ध केला जातो. गेल्या मार्गशीर्षात बहिणीकडे चार दिवस मुक्कामाला गेलो असताना हा सोहळा मी रोज पाहत होतो. परंतु ज्या प्रश्नापायी हा लेख लिहावासा वाटला, तो मैदानावर न सुटता, किंबहुना मैदानावर न उद्भवता, रात्रीच्या जेवणानंतर ओटीवर उद्भवला.

माझा भाचा भिवंडीच्या एका गोदामात मालाची आवक-जावक संगणकावर नोंदविण्याची नोकरी करतो, सुटीच्या दिवशी गावच्या संघातून कबड्डी खेळतो, आणि रात्री, कोणा सहकाऱ्याने लावून दिलेल्या नादाने, संगणकावर अमेरिकन फुटबॉलचा आभासी खेळ खेळत बसतो. त्या खेळात स्वतःचा संघ उभारावयाचा असतो, एकेका खेळाडूस सराव देऊन त्याचे गुण वाढवावयाचे असतात, आणि मग दुसऱ्या संघाशी सामना करावयाचा असतो. त्या रात्री तो हताश होऊन बसला होता. प्रतिपक्षाचा धावक चेंडू बगलेत मारून दर वेळी त्याच्या संघाच्या मधोमध घुसत होता आणि चार-पाच यार्ड काढूनच खाली पडत होता.

"मामा, सगळे गुण मी पकड करणाऱ्यांवर घातलेत. तरी हा माणूस निघतोच कसा?" त्याने विचारले.

मला त्या खेळातले ओ की ठो कळत नव्हते. तरीही प्रश्न ओळखीचा वाटला, कारण त्याच संध्याकाळी मैदानावर कोणी तरी नेमके हेच, निराळ्या शब्दांत, ओरडून विचारत होते.

*

अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडच्या वाचकास बहुधा शिरस्त्राणे घातलेल्या धिप्पाड माणसांची झटापट एवढ्याच स्वरूपात परिचित असतो. तथापि त्याच्या मुळाशी असलेला करारनामा अत्यंत सोपा आहे. चेंडू ज्या संघाकडे आहे, त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. सरकला तर आणखी चार प्रयत्न मिळतात, न सरकला तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. पुढे सरकण्याचे मार्ग दोनच: चेंडू फेकून झेलणे, अथवा तो पोटाशी धरून धावणे. यांतील धाव दिसावयास ओबडधोबड, पण तिचा हिशेब क्रूर आहे. जो संघ दर धावेस साडेतीन यार्ड काढील, त्याला तीन धावांत दहा यार्डांची सनद मिळते आणि तो हाच क्रम मैदान संपेपर्यंत चालवू शकतो. म्हणजे बचाव करणाऱ्याने धावकास शून्यावर रोखले पाहिजे असे नाही. त्याला तीन यार्डांच्या आत मुक्काम करावयास लावले, तरी काम फत्ते झाले.

हे मुक्काम करावयास लावणे साधते कसे, ते पाहण्यासाठी आक्रमक संघाच्या अग्रभागी ओणवे उभे असलेल्या पाच महाकाय पुरुषांकडे पाहावे. धावकास वाट मोकळी करून देणे हे त्यांचे काम. एकमेकांशेजारी उभ्या असलेल्या या माणसांमध्ये ज्या फटी राहतात, त्यांना मधल्या माणसापासून बाहेरच्या दिशेने 'ए', 'बी', 'सी' अशी अक्षरे बहाल केलेली आहेत. मराठीत त्यांना खिंडीच म्हणावे. धावक जाणार तो यांतल्याच एखाद्या खिंडीतून. म्हणून बचावाची सारी विद्या ही मुळात नाकेबंदीची विद्या होय: प्रत्येक खिंडीवर एक पहारेकरी नेमावयाचा, आणि त्याने, चेंडू कोठेही गेलेला दिसो, आपली चौकी सोडावयाची नाही. ज्याला हा मोह आवरत नाही आणि जो चेंडूच्या मागे धावतो, त्याने रिकाम्या केलेल्या खिंडीतूनच तो धूर्त धावक एका पावलात दिशा बदलून निघून जातो.

या बंदोबस्तात एक मनुष्य असा असतो, की ज्याचे वर्णन करताना क्रीडावार्ताहरांचीही लेखणी अडखळते. तो अगदी मध्यभागी उभा राहतो, वजनाने बहुधा दीडशे किलोंच्या आसपास असतो, आणि त्याचे कर्तव्य म्हणजे समोरच्या दोन माणसांना स्वतःवर घेऊन जागचे न हलणे. दोघे त्याच्यात गुंतले, की हिशेबाने त्याच्या मागे उभा असलेला एक साथीदार मोकळा राहतो. तो मोकळा साथीदार धावून येतो, धावकास लोळवितो, टाळ्या घेतो. मध्यभागीचा मनुष्य तोवर दोघांच्या खाली दबून चिखलात पडलेला असतो.

अमेरिकेतील बाल्टिमोर रेव्हन्स या संघाच्या २००० सालच्या हंगामाचे उदाहरण या बाबतीत नमुनेदार आहे. सोळा सामन्यांत मिळून प्रतिपक्षांना त्याने धावेवर अवघे ९७० यार्ड काढू दिले. दर धावेस हे प्रमाण तीन यार्डांहूनही कमी पडते. जानेवारी २००१ मधील अंतिम सामना त्याने न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध ३४-७ असा जिंकला आणि सामन्याचा मानकरी ठरला तो रे लुईस, म्हणजे मागून धावून येणारा, धावकास लोळविणारा. तो त्या मानास सर्वथा पात्र होता. परंतु त्याच्या पुढे सॅम ॲडम्स आणि टोनी सिरागुसा हे दोन डोंगर उभे होते, आणि रे लुईसपर्यंत कोणा अडविणाऱ्याचा हात पोहोचू नये याची तजवीज त्यांनी वर्षभर केली होती, ही गोष्ट गुणपत्रिकेत शोधून सापडत नाही. गंमत अशी, की धावकास पाडल्याची जी नोंद ठेवली जाते, तीही त्या देशातील व्यावसायिक लीगच्या अधिकृत आकडेवारीत मोडत नाही. सामन्याच्या जागी बसलेल्या लेखनिकांच्या नजरेवर ती अवलंबून असते. मग ज्याने पाडलेच नाही, केवळ दुसऱ्यास पाडू दिले, त्याची दाद कोणत्या कचेरीत लागावी?

*

या नाट्यास संगणकाच्या पडद्यावर आणण्याचे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो असे मला वाटते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस टेक्मो या जपानी कंपनीचा जो खेळ घरोघरी पोहोचला, त्यात आक्रमकापाशी चारच डाव होते आणि बचाव करणाऱ्याने त्या चारांपैकी कोणता येणार हे ओळखावयाचे होते. अंदाज बरोबर आला की सारा बचाव धावकावर तुटून पडे, चुकला की वाट मोकळी. बचाव म्हणजे चिठ्ठी ओढणे, एवढीच ती कल्पना होती. पहारेकऱ्याच्या अंगी काही कसब असते, ते घडवावे लागते, याचा त्यात मागमूस नव्हता.

त्याच सुमारास, १९८८ साली, ज्या खेळास जॉन मॅडन या प्रख्यात प्रशिक्षकाचे नाव मिळाले तो बाजारात आला. त्याच्या जन्माची हकीकत मला फार बोधप्रद वाटते. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीचे संस्थापक ट्रिप हॉकिन्स यांना, त्या काळच्या संगणकांची कुवत पाहता, प्रत्येक बाजूस सहा-सात खेळाडूच दाखविणे शक्य वाटत होते. मॅडन यांनी त्यास साफ नकार दिला. अकरा विरुद्ध अकरा नसतील तर तो खेळ फुटबॉल नव्हेच, असे त्यांचे म्हणणे. आणि त्या हट्टापायी खेळ तयार होण्यास वर्षे लागली. हा केवळ शुद्धतेचा आग्रह होता काय? मॅडन स्वतः ऐन उमेदीत खेळाडू म्हणून जेथे उभे राहत, ती जागा त्या अग्रभागीच्या पाच महाकायांपैकी एकाची होती. गुडघ्याच्या दुखापतीने ती कारकीर्द संपली आणि ते शिकविण्याकडे वळले. अकरांतून चार-पाच वगळावयाचे ठरले, तर वगळले जाणारे कोण, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? चेंडूला ज्यांचा हात लागत नाही, ज्यांच्या नावावर काही जमा होत नाही, तेच प्रथम वगळले गेले असते.

पुढे संगणक सामर्थ्यवान झाले आणि प्रत्येक खेळाडूच्या अंगच्या गुणांना शून्यापासून ९९ पर्यंत अंक मिळू लागले. धाव रोखणारा बचावपटू हा तर त्यात एक स्वतंत्र जातिप्रकारच ठरला. त्यास घडवू पाहणाऱ्यापुढे बळ, वेग, पकड, पाठलाग, अडविणाऱ्यास अंगावरून झटकून टाकण्याची हातोटी, आणि समोरचा डाव आरंभीच ओळखण्याची बुद्धी, असे रकाने मांडलेले असतात. नवशिका मनुष्य आपली पुंजी हटकून वेग व पकड यांवर खर्च करतो, कारण पडद्यावर त्याच दोन गोष्टी दिसतात. माझ्या भाच्याने तेच केले होते. त्याचे पकड करणारे चपळ होते, त्यांची मिठी पोलादी होती. परंतु पुढच्या फळीतील माणूस दुबळा असल्यामुळे प्रतिपक्षाचा एकच गडी त्याला पुरून उरे, दुसरा मोकळा राहून थेट त्या चपळ पकडणाऱ्यांच्या अंगावर येई, आणि झटकून टाकण्याची कला त्यांना शिकविलेली नसल्याने ते धावकापर्यंत पोहोचतच नसत. पोहोचत तोवर चार यार्ड खर्ची पडलेले असत. वेग हा पोहोचण्यासाठी असतो, हे खरे. पण पोहोचू न देणारा कोणी मध्ये उभा असेल, तर वेगाचा उपयोग काय?

हा खेळ मैदानावरही आपल्या देशात रुजविण्याचा एक प्रयत्न झाला होता. २०१२ साली व्यावसायिक लीग भरली, तीत मुंबई ग्लॅडिएटर्स आणि पुणे मराठाज् असे दोन संघ आपल्या राज्यातील शहरांच्या नावाने उतरले, आणि पुण्याच्या संघाने अंतिम सामना दिल्लीच्या संघाविरुद्ध ६-० अशा फरकाने जिंकला. एवढ्या अल्प गुणसंख्येचा विजय हा बचावाचाच विजय म्हणावा लागेल. लीग मात्र मूळ धरू शकली नाही. ज्या मातीत धाव रोखण्याचे शास्त्र शतकभर आधीच लिहिले गेले होते, तेथे त्याची नवी पोथी खपली नाही, यात मला विशेष नवल वाटत नाही.

*

कारण कबड्डी, नीट पाहिली, तर एका धावेचा खेळ आहे. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आत येतो, कोणाला तरी शिवतो, आणि मग त्याला परत जावयाचे असते. बोनस रेषा मध्यरेषेपासून ४.७५ मीटरवर असते. यार्डांत मोजले तर पाचाहून किंचित अधिक. त्या पाच यार्डांची परतीची धाव, आणि ती रोखू पाहणारे सात जण: दिघाशीच्या मैदानावरील सारा आरडाओरडा एवढ्याचसाठी असतो. फरक इतकाच, की अमेरिकेत धावक बचावाच्या मुलुखात घुसू पाहतो आणि येथे तो घुसलेलाच असतो, त्याला बाहेर पडू द्यावयाचे नसते.

'हुतुतू' या नावाने गावोगाव निरनिराळ्या रीतींनी चाललेल्या या खेळास नियमांच्या चौकटीत बसविण्याचे काम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने आणि बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने केले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याचे प्रात्यक्षिक तेथे दाखविले. १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत त्याला पदकाचा दर्जा मिळाला. बुवा साळवी यांसारख्यांनी उभे आयुष्य त्यापायी वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

या इतिहासात जो मुद्दा माझ्या विषयाशी भिडतो तो वजनाचा. पुरुषांच्या कबड्डीत खेळाडूचे वजन ८५ किलोंहून अधिक असता कामा नये असा दंडक आहे. म्हणजे दीडशे किलोंचा डोंगर मध्यभागी उभा करण्याचा अमेरिकन उपाय येथे कायद्यानेच निषिद्ध ठरतो. मग डोंगर आणावयाचा कोठून? आपल्या लोकांनी तो साखळीतून आणला. कोपऱ्यावरचा गडी आणि त्याच्या शेजारचा गडी हातात हात गुंफतात. दोघे मिळून एक देह होतो, आणि चढाईपटू त्या जोडीवर आदळला तर त्याला एका माणसाचे नव्हे, दोघांचे ओझे ढकलावे लागते. अमेरिकेत एक माणूस दोघांना गुंतवितो, येथे दोन माणसे एक होतात. हिशेब उलटा, पण जमा-खर्चाचा मेळ तोच.

सात जणांच्या या फळीत दोन कोपरे आणि दोन कव्हर, ज्यांना वर्तमानपत्रे कोपरारक्षक आणि मध्यरक्षक म्हणतात, हे चार आधारस्तंभ होत. कोपऱ्याचे शस्त्र घोट्याची पकड. चढाईपटू बोनससाठी पाय लांबवितो अथवा पायाने शिवू पाहतो, त्या क्षणार्धात त्याचा एक पाय हवेत आणि सारा भार दुसऱ्यावर असतो. तेव्हा कोपरा खाली झेप घेऊन घोटा धरतो. झेप अर्धा क्षण आधी घेतली, तर हात मातीत आणि गुण प्रतिपक्षाकडे. म्हणून जुने खेळाडू नवख्यांना पकड शिकविण्यापूर्वी न पकडणे शिकवितात: चढाईपटू हूल देतो, खांदा झुकवितो, मुद्दाम जवळ येतो, आणि कोपऱ्याने जागचे हलावयाचे नसते. आभासी खेळात ज्या रकान्यास डाव ओळखण्याची बुद्धी म्हणतात, तो दिघाशीच्या मातीवर असा भरला जातो. तेथे अंक वाढविण्यास कळ दाबावी लागते, येथे शंभर हुलांना भुलून शंभर वेळा बाद व्हावे लागते.

आणि कव्हर? कोपऱ्याने घोटा धरला तरी चढाईपटू पडल्या पडल्याही मध्यरेषेकडे झेपावतो. हात रेषेला टेकला की त्याला शिवणारे सारे बाद. त्याच्या त्या झेपेच्या वाटेवर छाती घालून उभा राहतो तो कव्हर. पुष्कळदा त्याला अंगाला हात लावण्याचीही वेळ येत नाही. तो नुसता दोन पावले सरकून मध्यरेषेची वाट बुजवितो, चढाईपटूस ते दिसते, तो दुसरीकडून निघू पाहतो, आणि नेमका कोपऱ्याच्या हाती सापडतो. पकडीचा गुण कोपऱ्याच्या नावे मांडला जातो, आणि व्यावसायिक प्रो कबड्डी लीगच्या दप्तरातही रीत तीच आहे.

या लीगने बचावपटूंचे नशीब उजळले, हे मान्य केले पाहिजे. २०१५ साली यू मुंबा संघाने विजेतेपद मिळविले, तेव्हा त्यात इराणचा फजल अत्राचली हा डावा कोपरा होता. लीगमध्ये पाचशेहून अधिक पकडींचे गुण मिळविणारा तो पहिला ठरला. त्याचाच देशबांधव मोहम्मदरेझा शादलुई याच्यावर पुणेरी पलटणने २०२३ च्या लिलावात दोन कोटी पस्तीस लाखांची बोली लावली, आणि पलटणने त्या हंगामाचे विजेतेपद पटकाविले. चढाईपटूंच्या बरोबरीने बचावपटूंवर बोली लागू लागली, ही या खेळातील लहानसहान क्रांती नव्हे.

तथापि इराणच्या बचावाची कीर्ती ज्या दोन दिवसांनी आपल्या मनावर कोरली, ते ऑगस्ट २०१८ मधील जकार्ताच्या आशियाई स्पर्धांचे दिवस होत. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके जिंकलेल्या भारतीय पुरुषांना उपांत्य सामन्यात इराणने १८-२७ असे पराभूत केले. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारतास २४-२७ असे हरविले. त्या इराणी मुलींना घडविणाऱ्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. एका मराठी बाईने परक्या देशात जाऊन, परकी भाषा बोलणाऱ्या मुलींना आपल्याच मातीतील विद्या दिली, आणि ती आपल्यावरच उलटली, याचे दुःख करावे की अभिमान धरावा, हा वाद तेव्हा घरोघरी झाला. मला त्यात निराळेच काही जाणवले. पदक गळ्यात पडले ते खेळाडूंच्या, तसा दंडकच आहे; घडविणारी व्यक्ती बाजूस उभी राहिली. वाट अडविणाऱ्याचे जे भागधेय मैदानाच्या आत, तेच त्याला शिकविणाऱ्याचे मैदानाच्या बाहेर.

*

हे सारे मी भाच्याला सांगितले असे नाही. यातील पुष्कळसे मला त्यानेच सांगितले, आणि उरलेले मी नंतर जुळविले. मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी मी मैदानाच्या कडेला बसलो होतो. शेजारच्या गावचा एक उंच, सडपातळ चढाईपटू आत आला होता. त्याने उजव्या कोपऱ्यास हूल दिली, आत वळला, आणि परतण्यासाठी मोकळी दिसणारी वाट धरली. ती वाट माझ्या भाच्याने, जो उजवा कव्हर म्हणून उभा होता, दोन पावलांत बुजविली. चढाईपटू चपापला, मागे फिरला, आणि कोपऱ्याच्या मिठीत गेला. गिल्ला झाला. कोपऱ्याच्या पाठीवर थापा पडल्या. कडेला वही घेऊन बसलेल्या मुलाने कोपऱ्याचे नाव लिहून त्यापुढे एक रेघ ओढली. भाचा केव्हाच आपल्या जागी परतून, गुडघ्यांवर हात टेकून, पुढच्या चढाईची वाट पाहत होता.

त्या रात्री ओटीवर त्याने आपला आभासी संघ पुन्हा उघडला. पकड करणाऱ्यांकडे या वेळी त्याने पाहिलेही नाही. हंगामात साठविलेली सगळी पुंजी त्याने मध्यभागी उभ्या असलेल्या त्या जाड्या माणसाच्या बळावर आणि अंगावरचा गडी झटकून टाकण्याच्या हातोटीवर ओतली, आणि सामना सुरू केला. धावक मधोमध घुसला आणि एका यार्डावर गाडला गेला. पुन्हा घुसला, दोन यार्ड. पडद्यावर दर वेळी नाव झळकत होते ते मागून आलेल्या कोणा चपळ गड्याचे.

सामना संपल्यावर आकड्यांचा तक्ता उघडला. भाच्याने बोट ठेवून मला त्या जाड्या माणसाची ओळ दाखविली. एकामागून एक सगळे रकाने शून्य होते.

"हा बघा, मामा," तो म्हणाला, "आज सामना ह्यानं जिंकून दिला." आणि सकाळी गोदामात पहिल्या पाळीला हजर व्हावयाचे होते म्हणून दिवा मालवून झोपावयास गेला.